एक आटा सैल

परवा नव्या कादंबरीचं शेवटचं प्रूफ तपासून प्रकाशकांकडे धाडलं आणि तसं इथे दोन ओळींत कळवलं. अभिनंदनाच्या जोडीनं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "ही तुमची स्वतःची गोष्ट आहे का?" माझी नाही. पण ती कुठून आली ते सांगायचंय, कारण ज्यांच्याकडून आली त्यांचं माझ्यावर ऋण आहे. पोस्ट लांबणार आहे. सवडीनं वाचा.

माझ्या मावशीला चाळिशीच्या आतच आमवात जडला. या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उठते. बहुतेक वेळा दोन्ही हातांची बोटं सारखीच धरतात आणि सकाळी उठल्यावर तास-तासभर मूठ वळत नाही. पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन ते तीन पट जास्त होतो. हे सगळं मी कादंबरीच्या निमित्तानं वाचलं. लहानपणी मला एवढंच दिसायचं, की मावशीला बटणं लावायला फार वेळ लागतो.

एका सुट्टीत मी त्यांच्याकडे राहायला गेले होते. रात्री पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात दिवा. काका फळीवरच्या बरण्या एकेक करून खाली घेत होते. झाकण फिरवायचं, सुटताना आवाज होऊ नये म्हणून वरून तळहात दाबून धरायचा, आणि मग ते परत लावायचं. पण पुरतं नाही, शेवटचा एक आटा सोडून. बघणाऱ्याला झाकण लागलेलंच दिसेल इतपत. बरणी जिथून उचलली तिथेच ठेवायची, चिठ्ठीची बाजू होती तशीच समोर. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. सकाळी मावशीनं बरणी घेतली, झाकण फिरवलं, उघडलं. काका पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते.

"आण इकडे, मी उघडून देतो" हेही प्रेमच आहे, ते मी कमी लेखत नाही. पण त्यात मावशीला आपले हात चालत नाहीत हे दिवसातून दहादा ऐकावं लागलं असतं. काकांनी मदत केली आणि केल्याची खूणही पुसून टाकली. इतकी वर्षं प्रेमकथा लिहून माझं मत असं झालंय, की समोरच्याला लहान न करता त्याच्यासाठी काय केलं, यावर प्रेम तोलावं. कबुल्या, शपथा, पावसातल्या भेटी मीही लिहिल्या आहेत आणि त्या लिहिताना मजा येते. तरी झाकणाचा तो एक आटा मला कुठल्याच पुस्तकात नीट लिहिता आला नव्हता.

काका गेल्यावर मी त्या दोघांवरच लिहायला बसले. दोन वर्षं लिहीत होते. जमलं नाही. जे झालं ते व्यक्तिचित्र होतं, प्रेमळ आणि खरं, पण कादंबरी नव्हे. प्रेमकथेला आधी दोन परकी माणसं लागतात आणि त्यांच्यामध्ये अंतर लागतं. मावशी-काकांमध्ये ते अंतर मला कल्पनेनंसुद्धा घालता येईना.

ते अंतर मला माझ्या जुन्या कामात सापडलं. लेखनावर घर चालायला लागण्याआधी मी अकरा वर्षं मुद्रितशोधन, म्हणजे छपाईआधी प्रूफातल्या चुका शोधायचं काम, केलंय. त्या काळी आमच्यातले वयस्क लोक खिळ्यांच्या छपाईच्या गोष्टी सांगायचे. शिशाच्या खिळ्यांवर अक्षर उलटं असतं, आरशात दिसावं तसं. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ लावायचा आणि ती उलटी ओळ आपण सुलटी वाचतो तितक्याच सहज वाचायचा. मग शाई लावून प्रूफ काढायचं, ते मुद्रितशोधकाकडे जायचं, समासात खुणा होऊन परत यायचं, जुळारी चिमट्यानं चुकीचा खिळा उपटून बरोबर खिळा बसवायचा, पुन्हा प्रूफ. असं दोनदा, तीनदा. दोन माणसं वर्षानुवर्षं एकाच कागदावर काम करायची, आणि त्यांनी एकमेकांचा चेहरा पाहिलेला असेलच असं नाही.

हे डोक्यात आलं त्या दिवशी मी दुसरं काहीच करू शकले नाही.

माझी नायिका त्रेपन्न वर्षांची आहे, मुद्रितशोधक. नायक जुळारी, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. त्यांच्यातली पहिली ओळख एका वेलांटीवरून होते. खिळे जुळवताना त्यानं 'पाणीग्रहण' असं लावलेलं असतं. ती समासात लिहिते, "पाणी नव्हे, पाणि. पाणि म्हणजे हात." नुसती ऱ्हस्वाची खूण केली असती तरी चाललं असतं. पण ती अर्थ लिहिते, आणि त्या कागदाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला पहिल्यांदा वाटतं, की आपल्याला कुणी नुसती चूक दाखवली नाही, काही सांगितलं. मराठी प्रेमकथेची सुरुवात ऱ्हस्व-दीर्घावरून व्हावी याचा मला मनापासून आनंद आहे. वेलांटी बदलली की दिनाचा दीन होतो, शिराची शीर होते. आपल्या भाषेत एका वेलांटीवर इतकं काही अवलंबून असतं आणि आपण तिला किती गृहीत धरतो!

तर पुढे नायिकेची बोटं आखडत जातात. समासातल्या खुणा आधी लहान होतात, मग थरथरतात. हे फक्त त्यालाच दिसतं, कारण तिचं अक्षर रोज वाचणारा तो एकटाच असतो. आणि मग तिच्या लक्षात येतं, की अलीकडे पहिल्याच प्रूफात चुका कमी येताहेत. तिला फार लिहावं लागू नये म्हणून तो रात्री थांबून उलटी ओळ पुन्हा पुन्हा वाचतो आणि प्रूफ काढायच्या आधीच चुका काढून टाकतो. हा माझा सैल आटा. काकांचे हात मी जुळाऱ्याला दिले.

आणखी एक ऋण सतराव्या शतकातल्या एका इंग्रज बाईचं आहे. डोरोथी ऑस्बोर्न. तिनं विल्यम टेम्पल या आपल्या प्रियकराला १६५२ ते १६५४ या काळात लिहिलेली पत्रं आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, ७७. दोन्ही घरांचा विरोध होता. तिच्यासाठी स्थळांमागून स्थळं येत होती, त्यांत तेव्हा इंग्लंडची सत्ता हाती असलेल्या ऑलिव्हर क्रॉमवेलचा मुलगा हेन्रीसुद्धा होता, आणि ती एकेकाला नकार देत विल्यमला लिहीत राहिली. लग्न ठरल्यावर तिला देवी आल्या. त्यातून ती उठली आणि २५ डिसेंबर १६५४ ला दोघांचं लग्न झालं.

पण माझ्या मनात जे घर करून राहिलं ते वेगळंच. तिची पत्रं उरली, त्याची जवळजवळ सगळी गेली. त्यामुळे आपण वाचतो ते अर्धंच संभाषण. ती एखाद्या गोष्टीवर रागावते तेव्हा त्यानं काय लिहिलं असेल ते तिच्या रागावरून ओळखायचं. ती समजूत घालते तेव्हा तो किती खचला असेल ते तिच्या मायेवरून ताडायचं. विल्यमचा एक शब्द न वाचता मी त्याला ओळखायला लागले.

मी तेच केलं. माझा नायक अख्ख्या कादंबरीत समासात एक अक्षर लिहीत नाही. जुळाऱ्यानं समासात लिहायचं नसतं, ते त्याचं कामच नाही. तो उत्तर देतो ते शिशातून, दुरुस्त झालेल्या ओळीतून. वाचकानं त्याला तेवढ्यावरून ओळखायचं. हे लिहिताना फार भीती वाटत होती. न बोलणारा नायक तीनशे पानं कसा तगेल? पण मला वाचकावर भरवसा आहे, आणि प्रेमकथांच्या वाचकावर तर सगळ्यात जास्त.

इथे थोडं थांबून एक गोष्ट बोलते, कारण ती बरेच दिवस मनात आहे. हे हस्तलिखित ज्या प्रकाशनाकडे मी आधी पाठवलं होतं, त्यांचं म्हणणं पडलं, "सगळं आवडलं, फक्त नायिकेला तिशीची करा. हातांचं काहीतरी अपघाताचं दाखवू." मी हस्तलिखित परत घेतलं. मला त्या माणसांचा राग नाही, त्यांना विक्रीची काळजी होती. पण त्रेपन्नाव्या वर्षी एखाद्या बाईचं मन नव्यानं कुणाकडे ओढलं जातं, हे वाचायला लोक तयार नाहीत असं आपण कुणी ठरवलं? मला येणाऱ्या पत्रांत निम्म्याहून जास्त पन्नाशीपुढच्या बायका असतात. त्या वाचतात तरुण नायिका आणि लिहितात स्वतःबद्दल. त्यांना त्यांच्या वयाची नायिका देणं मला माझं कर्तव्य वाटतं.

आणि प्रेमकथेला 'विरंगुळा' म्हणून बाजूला ठेवण्याबद्दलही. कारण काय, तर शेवट गोड असतो आणि तो आधीच कळलेला असतो. अहो, कळलेला असतो म्हणून तर काम अवघड! दोघं एकत्र येणार हे ठाऊक असलेला वाचक पान उलटतो तो त्यांनी एकमेकांना कसं ओळखलं हे बघायला. तिथे एकही पाऊल खोटं पडलं की पुस्तक संपलं. गोड शेवट लेखकाला फुकट मिळत नाही. तो प्रत्येक पानावर थोडाथोडा कमवावा लागतो.

माझा तर कमवूनही चुकला होता.

दिवाणखान्यात बसून मी मावशीला शेवटून तिसरं प्रकरण वाचून दाखवलं, जिथे नायिकेला उलगडा होतो. मावशी आता पंचाहत्तरीला आली आहे, जाड पुस्तक तिला फार वेळ धरवत नाही. प्रकरण संपलं. मी इतक्या वर्षांत तिला कधी विचारलं नव्हतं, ते तेव्हा विचारलं. "मावशी, तुला माहीत होतं? बरण्यांचं?"

ती म्हणाली, "पहिले काही महिने नव्हतं गं. मग एकदा तुझ्या भावाकडून एक बरणी मुद्दाम घट्ट लावून घेतली. सकाळी बघते तर सैल."

"मग तू काही बोलली नाहीस?"

"कशाला बोलायचं? उघडताना जरा जोर लावल्यासारखं करायचे. नाहीतर त्यांना कळलं असतं, मला कळलंय ते."

पंचवीस-तीस वर्षं. रोज सकाळी त्यानं सैल केलेलं झाकण तिनं जोर लावून उघडलं, त्याला बरं वाटावं म्हणून. मी काकांची बाजू पाहिली होती. हरवलेली अर्धी पत्रं माझ्यासमोर बसली होती आणि मी ती कधी मागितलीच नव्हती.

माझ्या कादंबरीच्या शेवटी नायिका उठून छापखान्यात जाते आणि त्याला म्हणते, मला सगळं कळलंय. मावशीनं सांगितल्यावर मला स्वच्छ दिसलं, की हा शेवट तिचा नाहीच. ती असं करणार नाही.

तोवर पुस्तक प्रूफावर गेलं होतं. त्या रात्री मला इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या 'पर्स्युएशन'ची आठवण झाली. जुलै १८१६ मध्ये तिनं ती कादंबरी संपवली होती. नायक-नायिकेचा समेटही झाला होता: ॲडमिरलच्या बिऱ्हाडी, एका गैरसमजाचा उलगडा होऊन. तिला तो शेवट फिका वाटला. तिनं ते प्रकरण काढलं आणि त्याजागी नवं लिहिलं. त्यात नायिका दुसऱ्याच कुणाशी स्त्री-पुरुषांच्या निष्ठेबद्दल बोलत असते, नायक जवळच बसून काहीतरी लिहीत असतो, ते ऐकतो, आणि तिथल्या तिथे तिला पत्र लिहितो. इंग्रजीतलं सगळ्यात लाडकं प्रेमपत्र अशा दुरुस्तीतून आलेलं आहे. पुढच्याच वर्षी, जुलै १८१७ मध्ये ती गेली, पुस्तक त्यानंतर छापून आलं. तिच्या सहा प्रसिद्ध कादंबऱ्यांपैकी तिच्या हस्ताक्षरात उरली आहेत ती ही टाकून दिलेली प्रकरणंच. समेट लिहून झाला होता, कुणी तक्रार केली नव्हती, तब्येत साथ देत नव्हती, तरीही तिनं तो पुन्हा लिहिला.

मी संपादकांना फोन केला आणि तीन आठवडे मागितले. ते क्षणभर गप्प होते. मग म्हणाले, "मावशींनी काय सांगितलं ते आधी मला सांगा." सांगितलं. त्यांनी मुदत दिली.

नवा शेवट इथे सांगणार नाही. एवढंच सांगते, की नायिका आता छापखान्यात जात नाही. तिच्यापुढे एकही चूक नसलेलं प्रूफ येतं. ती आखडलेल्या बोटांत पेन्सिल धरते, एका बरोबर शब्दाखाली टिंबं देते आणि समासात दोन शब्द लिहिते: "असू द्या." प्रूफ तपासणाऱ्यांना ही खूण माहीत आहे. बाकीच्यांना पुस्तकात कळेल.

प्रकाशकांकडे मी एकच हट्ट धरला होता, तोही त्यांनी पुरवला. पुस्तक शिलाईच्या बांधणीचं आहे, उघडून टेबलावर ठेवलं की सपाट राहतं, हातानं दाबून धरावं लागत नाही. पहिली प्रत मावशीकडे जाईल. हे मी तिला सांगितलेलं नाही, आणि ती ही पोस्ट वाचणार नाही.