वेगळं विद्यापीठ मागण्याआधी

रविवारी गंगापूर रोडच्या टपरीवर चहा हातात यायच्या आत विक्याने विषय काढला. "नाशिकला स्वतःचं विद्यापीठ पाहिजे. किती दिवस पुण्याच्या तोंडाकडे बघायचं?"

"दोन आहेत की आपल्याकडे," शऱ्या म्हणाला. "मुक्त आणि आरोग्य."

"ती वेगळी. मी आपल्या गावोगावच्या साध्या कॉलेजांबद्दल बोलतोय."

विक्याचं म्हणणं हवेतलं नव्हतं. पुणे विद्यापीठ 1949 साली सुरू झालं तेव्हा बारा जिल्हे त्याच्याकडे होते. 1962 ला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ झालं, तिकडचे जिल्हे गेले. 1990 ला जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, जळगाव-धुळे गेले. राहिले पुणे, नगर, नाशिक. "मग अजून एक वाटणी झाली तर काय बिघडलं?"

"काही नाही बिघडणार," प्रशांतदादा म्हणाला. तो कॉलेजात शिकवतो. "पण विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेणारं ऑफिस, एवढंच तुझ्या डोक्यात असेल, तर ते ऑफिस नाशिकला आणून फक्त एसटीचं भाडं वाचेल."

इथे मला राहवलं नाही. मी कॉलेजची तीन वर्षं विद्यापीठाच्या 'कमवा व शिका' योजनेत काम करून काढली. ग्रंथालयात पुस्तकांच्या कण्यावर नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवायचो. डिंकाने बोटं इतकी चिकट व्हायची की दुपारच्या तासाला वहीचं पान उलटताना फाटायचं. महिन्याच्या शेवटी त्याच पैशांतून खाणावळीचं बिल जायचं. ती योजना नसती तर मी पहिल्याच वर्षी गावी परतलो असतो. पुण्यात गणेशखिंडीतली विद्यापीठाची मुख्य इमारत, म्हणजे जुनं राजभवन, मी कितीतरी नंतर पाहिली. माझं विद्यापीठ त्या ग्रंथालयात होतं. 'यः क्रियावान् स पण्डितः', म्हणजे जो करून दाखवतो तोच पंडित, हे विद्यापीठाचं ब्रीद. ते मला तिथेच कळलं.

"ते ठीक आहे रे," विक्या म्हणाला, "पण अभ्यासक्रम जुना राहिला तर आपण कुणाला विचारायचं? कुलगुरूंना?"

दादाने रिकामा ग्लास कट्ट्यावर ठेवला. "कुलगुरू एकटे ठरवत नाहीत. विषयाचं अभ्यास मंडळ आराखडा करतं, तो विद्यापरिषदेकडे जातो. पैसा आणि कारभार व्यवस्थापन परिषद बघते. आणि अधिसभा आहे, तिथे या सगळ्यावर प्रश्न विचारता येतात. 2016 च्या कायद्याने तिथे नोंदणीकृत पदवीधरांमधून निवडून येणारे दहा जण असतात. तू पदवीधर ना? नाव नोंदवलंयस?"

विक्या गप्प. शऱ्याही गप्प. नोंदणी माझीही नव्हती, आणि हे मला मनापासून लागलं. ग्रामपंचायतीला आम्ही मुंबईहून पोरं बोलावून मतदान करतो. ज्या संस्थेने आमच्या घरात पहिली पदवी आणली, तिच्या यादीत आमचं नावच नाही! वेगळं विद्यापीठ झालं तरी त्याची अधिसभा असेलच, आणि तिथेही आम्ही असेच गैरहजर राहणार असू तर मागणी कशाच्या जोरावर करायची?

"वेगळं विद्यापीठ पाहिजेच," विक्या हट्टाने म्हणाला. मग त्याने खिशातून मोबाइल काढला. "आई, माझं पदवीचं सर्टिफिकेट कुठंय गं? दिवाणाखालच्या पेटीत बघ ना जरा."