नाटकातून कापलेला ओढा

काल रात्री पम्या कट्ट्यावर आला तो तणतणतच. त्याच्या पथकाला पालिकेकडून कचरा वर्गीकरणावरच्या पथनाट्याचे दहा प्रयोग मिळालेत. मंजुरीला पाठवलेली संहिता परत आली, तर एका उताऱ्यावर लाल पेनानं आडवी रेघ. त्यात म्हातारी विचारते, "मी ओला वेगळा, सुका वेगळा ठेवते रं, पण तुमची घंटागाडी दोन्ही एकाच ढिगात ओतती. आन् तो ढीग आमच्या ओढ्याच्या काठालाच का?"

"ज्याचा पैसा त्याचं नाटक," सुभ्या लगेच म्हणाला. "काम सोडून दे. दिल्लीत पथनाट्यं करणाऱ्या सफदर हाश्मींच्या जन नाट्य मंचानं सरकारी पैसा घेतला नाही. १ जानेवारी १९८९ला दिल्लीजवळ झंडापूरला खेळ चालू असताना हल्ला झाला, हाश्मी गेले, आणि ४ तारखेला त्याच जागी पथकानं खेळ पुरा केला. ती ताकद मंजुरीच्या शिक्क्यातून येत नाही."

"अरे, याच्यातल्या दोन पोरी दिवसाची मजुरी बुडवून तालमीला येतात," ताई म्हणाली. "त्यांनी काय खायचं?"

मास्तर इतका वेळ गप्प होते. म्हणाले, "सरकारी पैशावर धारदार नाटक झालेलं आहे. अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३५ला, बेकार नटांना काम देण्यासाठी फेडरल थिएटर प्रोजेक्ट निघालं. हॅली फ्लॅनगन बाई प्रमुख. त्यांनी 'लिव्हिंग न्यूजपेपर' आणला, म्हणजे बातमीचंच नाटक. शेतमालाचे भाव, गरिबांची घरं, वीज, असे विषय. १९३७च्या 'पॉवर'मध्ये एक साधा गिऱ्हाईक स्टेजवर येऊन विचारतो, किलोवॅट-तास म्हणजे काय रे बाबा? आणि वीज स्वस्त का नाही?"

"आणि त्याच प्रोजेक्टच्या 'इथिओपिया' नाटकाचं काय झालं?" सुभ्यानं तिथंच धरलं. "सेन्सॉर करणार नाही असा शब्द दिला होता ना? १९३६ला तोच खेळ रोखला. आणि 'पॉवर'नं बाजू कुणाची घेतली? टेनेसी खोऱ्यातल्या सरकारी धरणांची. एकट्या नॉरिस धरणापायी जवळपास ३,००० कुटुंबं उठली, मास्तर. सरकारच्या पैशानं सरकारच्या धरणाला प्रश्न कोण विचारणार?"

मास्तरांनी ते मान्य केलं. १९३९ला अमेरिकी संसदेनं प्रोजेक्टचा पैसाच बंद केला, हेही त्यांनीच सांगितलं.

मला सुभ्याचं दुखणं कळतं, पण त्याचा पहिला मुद्दा पटत नाही. पैसा पालिकेचा नाही, आपल्या घरपट्टीचा आहे. ओढ्याकाठच्या वस्तीलाही घरपट्टीची पावती येते. नाटक फक्त "कचरा वेगळा करा" एवढंच सांगत राहिलं, तर सगळा दोष त्या म्हातारीच्या डोक्यावर येतो आणि ढीग तिथंच राहतो. म्हणून ते काम सोडायचं नाही आणि ओढाही सोडायचा नाही.

ताईनं केरळची आठवण काढली. तिथं लोकांपर्यंत विज्ञान नेणाऱ्या शास्त्र साहित्य परिषदेचे कलाजथे, म्हणजे गाणी-नाटकं करणारी पथकं, १९८०पासून गावोगाव फिरले. जेवण-मुक्काम गावाकडे, खर्च पुस्तकविक्रीतून. सायलेंट व्हॅलीचं जंगल बुडवणाऱ्या धरणाविरुद्ध हीच मंडळी उभी राहिली. धरण रद्द झालं आणि १९८४ला तिथं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. "दहा प्रयोग पालिकेचे करा," ती म्हणाली, "अकरावा वस्तीच्या वर्गणीतून. त्यात अख्खा उतारा घ्या."

"अकराव्यापर्यंत का थांबायचं?" पम्या उठून उभाच राहिला. संहितेची गुंडाळी त्यानं काखेत धरली, दोन्ही हातांत नसलेल्या बादल्या घेतल्या, हिरवी आणि निळी, आणि कंबर वाकवून चालत कट्ट्याच्या टोकापर्यंत गेला. "इथं घंटागाडी. वाक्य कापलंय, ठीक आहे. म्हातारी इथं थांबते आणि लोकांकडं वळते: 'म्होरं काय हुतं, तुम्हीच सांगा.'"

कुणीच काही बोललं नाही. मग सुभ्या म्हणाला, "आणि लोक गप्प बसले तर?"

"पहिला प्रयोग कुठंय?" ताईनं विचारलं.

"रविवारी, भाजी मंडईत."

"ओढ्याकाठच्या बाया मी घेऊन येते. त्या गप्प बसणार नाहीत."