दुपारच्या मालिका कुणी बघत नव्हतं म्हणून बंद पडल्या नाहीत

गेल्या काही आठवड्यांत एक मजकूर माझ्याकडे तीन व्हॉट्सॲप गटांतून आला. एक माहेरचा गट, एक कॉलेजचा आणि एक इथल्या मंडळाचा. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेत दुपारच्या मालिकांचं मोठं प्रस्थ होतं. बायका नोकरीला लागल्या, घरी बघायला कुणी उरलं नाही, म्हणून मालिका बंद झाल्या. मग कुणीतरी त्या इंटरनेटवर नेल्या, तिथे चार महिन्यांत आपटल्या. केबलवर नेल्या, तिथेही तेच. प्रेक्षक संपला की मालिका संपली. तिला दुसरीकडे हलवणं म्हणजे मेलेल्याच्या तोंडात पाणी घालणं. आणि शेवटी तात्पर्य, की आपल्या मराठी मालिकांचंही हेच होणार.

मराठी मालिकांचं काय होईल ते सांगायला मी ज्योतिषी नाही. पण अमेरिकेतल्या या मालिका मी वर्षानुवर्षं बघितल्या आहेत, त्या बंद झाल्या तेव्हा रडले आहे, आणि त्या मजकुरातलं एकेक वाक्य मला खुपलं आहे.

१९९८ साली लग्न होऊन न्यू जर्सीत आले. एच-फोर व्हिसा, म्हणजे काम करायची मुभा नाही. गाडी येत नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं. दुपारी एक वाजला की भिंतीपलीकडे टीव्ही लागायचा. शेजारच्या आजींनी एकदा जिन्यात विचारलं, "येतेस का बघायला?" आणि मी गेले ती पुढे रोजच जात राहिले. एक वाजता 'ऑल माय चिल्ड्रन', दोनला 'वन लाइफ टू लिव्ह', तीनला 'जनरल हॉस्पिटल'. अशा मालिकांना इंग्रजीत सोप ऑपेरा किंवा नुसतं सोप म्हणतात; आजी त्यांना सोप म्हणत नसत, 'माय स्टोरीज' म्हणत. बँकेच्या माणसाशी फोनवर ठामपणे कसं बोलायचं, नको असलेलं आमंत्रण गोड शब्दांत कसं टाळायचं, हे इंग्रजी मी क्लासात नाही शिकले. एरिका केन नावाच्या पात्राकडून शिकले. ती भूमिका करणाऱ्या सुझन लुचीला एमी या टीव्हीच्या पुरस्कारासाठी अठरा वेळा नामांकन मिळून अठराही वेळा हुकलं होतं. एकोणिसाव्या खेपेला, १९९९ साली, ते मिळालं त्या रात्री आजींनी दार ठोठावून मला बोलावून नेलं.

आता मजकुराकडे वळते.

"बायका नोकरीला लागल्या म्हणून मालिका मेल्या." सालं लावून बघा, हे जुळतच नाही. अमेरिकेत निम्म्या प्रौढ बायका नोकरीच्या बाजारात आल्या त्या १९७८ च्या सुमाराला. आणि या मालिकांचा सगळ्यात मोठा दिवस कुठला? नोव्हेंबर १९८१, 'जनरल हॉस्पिटल'मधल्या ल्यूक आणि लॉराचं लग्न. सुमारे तीन कोटी लोकांनी ते बघितलं. भर दुपारी, निम्म्या बायका कामावर असताना! उलट नोकरी करणाऱ्या बायकांचं प्रमाण २००० च्या आसपास शिखराला पोचलं आणि पुढे थोडं खालीच आलं. मालिकांची कत्तल झाली ती त्यानंतर दहा वर्षांनी, २००९ ते २०१२ या काळात.

शिवाय नोकरीवर गेलेली बाई मालिका सोडते, हे कुणी ठरवलं? मला २००४ मध्ये कामाचा परवाना मिळाला आणि मी नोकरीला लागले. त्या दिवसापासून आजी माझ्यासाठी व्हीसीआरवर टायमर लावायच्या. बुटांच्या खोक्यात पाच टेप, प्रत्येकीवर बॉलपेनने वार लिहिलेला. शुक्रवारी रात्री मी खोकं न्यायचे, रविवारी परत द्यायचे, सोमवारी त्याच टेपवर नवं रेकॉर्डिंग. पुसून पुसून चित्रावर पांढऱ्या रेघा यायला लागल्या की नवी टेप आणायची. असं देशभर चाललं होतं.

प्रेक्षक घटले हे मात्र खरं, ते मी नाकारत नाही. १९९५ साली ओ. जे. सिम्पसन या माजी फुटबॉलपटूवरचा खुनाचा खटला महिनोन्‌महिने थेट दाखवला गेला, मालिका रोज मध्येच कापल्या गेल्या आणि अनेकांची सवय तिथेच मोडली. पुढे केबलवर वाहिन्यांची गर्दी झाली. पण 'घटले' आणि 'उरले नाहीत' यांत फार अंतर आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याने ते सरळ गिळलं.

मग बंद का झाल्या? खर्चामुळे, आणि कुठला प्रेक्षक मोजायचा या हिशेबामुळे. रोज तासाभराचा नवा भाग, वर्षाला अडीचशेच्या आसपास. पंचवीस-तीस कायमचे नट, लेखकांची फौज, उभे सेट. त्याच्या तुलनेत चार सूत्रसंचालक, एक ओटा आणि समोर बसलेले प्रेक्षक असा कार्यक्रम कितीतरी स्वस्त पडतो. त्यात जाहिरातदार भाव देतात तो १८ ते ४९ वयाच्या बाईला. आजी रोज तीन तास बघायच्या, त्यातल्या जाहिरातींतला साबण आणायच्या, पण त्या हिशेबाच्या वहीत त्यांना जवळजवळ किंमतच नव्हती.

काटकसर कुठवर गेली होती ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. 'गायडिंग लाइट' ही सीबीएस वाहिनीची मालिका. २००८ मध्ये तिने स्टुडिओतले मोठे कॅमेरे कमी करून हातात धरायचे छोटे डिजिटल कॅमेरे घेतले आणि बाहेरचं चित्रीकरण आमच्याच राज्यातल्या पीपॅक नावाच्या लहानशा गावात सुरू केलं. आम्ही एका शनिवारी मुद्दाम तिकडे चक्कर मारून आलो. पडद्यावरचं स्प्रिंगफील्ड गाव म्हणजे हाच रस्ता, हाच ओसरीवाला बंगला! आजी गाडीतून उतरून त्या ओसरीकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या, मग एवढंच म्हणाल्या, की नटांना थंडी वाजत असेल. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये मालिका बंदच झाली. १९३७ साली रेडिओवर सुरू झालेली गोष्ट, ७२ वर्षांनी.

एप्रिल २०११ मध्ये एबीसी वाहिनीने 'ऑल माय चिल्ड्रन' आणि 'वन लाइफ टू लिव्ह' या दोन्ही बंद करत असल्याचं एकाच दिवशी जाहीर केलं. लोक इतके चिडले की हूवर या व्हॅक्यूम क्लीनरच्या कंपनीने एबीसीवरच्या जाहिराती काढून घेतल्या. कुणी बघत नसतं तर जाहिरातदार असा वागला असता का? दोन मालिकांच्या जागी दोन स्वस्त कार्यक्रम आले. पहिला स्वयंपाकाचा, 'द च्यू', तो बरा चालला. दुसरा 'द रेव्होल्यूशन', जानेवारी २०१२ मध्ये सुरू झाला आणि सहा महिनेही न टिकता जुलैत बंद. ४३ वर्षं चाललेली मालिका काढून तिच्या जागी आणलेला कार्यक्रम एक उन्हाळा पुरा बघू शकला नाही. हे त्या मजकुरात कुठेच नाही.

आता इंटरनेटचा मुद्दा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुकीचं याच ठिकाणी लिहिलंय.

दोन्ही मालिकांचे हक्क प्रॉस्पेक्ट पार्क या कंपनीने जुलै २०११ मध्ये घेतले. नोव्हेंबरात पैशांचं आणि संघटनांशी करारांचं गणित जुळेना म्हणून बेत थांबवला. त्यानंतर वर्षाहून जास्त काळ सगळं ठप्प. नटांची घरं चालायला हवीत, ते इकडेतिकडे गेले. 'वन लाइफ टू लिव्ह'मधली तीन मोठी पात्रं एबीसीच्याच 'जनरल हॉस्पिटल'मध्ये जाऊन बसली, आणि ती कुणाची यावरून कंपनीने एबीसीवर खटला भरला, तोही मालिका सुरू व्हायच्या तोंडावर. 'ऑल माय चिल्ड्रन' परत आली ती एरिका केनशिवाय.

अखेर २९ एप्रिल २०१३, सोमवार. हुलू आणि आयट्यून्स या इंटरनेटवरच्या सेवांवर दोन्ही मालिका अर्ध्या अर्ध्या तासाच्या भागांत पुन्हा सुरू झाल्या. हुलूवर फुकट बघायचं तर कॉम्प्युटर हवा; टीव्हीवर बघायचं तर महिन्याचे पैसे भरा. आजींकडे कॉम्प्युटर कधीच नव्हता. मी अर्धी रजा टाकून माझा लॅपटॉप आणि एक केबल घेऊन त्यांच्याकडे गेले. टीव्हीच्या मागे धूळ, केबलची जागा सापडेना, आवाज लॅपटॉपमधून आणि चित्र टीव्हीवर. सगळं जमलं तेव्हा पडद्यावर 'वन लाइफ टू लिव्ह'मधली व्हिकी आली, एरिका स्लेझाक, १९७१ पासून ती भूमिका करणारी. आजी टीव्हीशी बोलल्या, "हॅलो, डिअर." पुढचा भाग बघायला मी पुन्हा लॅपटॉप घेऊन येईपर्यंत त्यांना थांबावं लागलं. माझी नोकरी सांभाळून मला ते आठवड्यातून एकदाच जमायचं. शेजारी लॅपटॉपवाली नव्हती अशा कितीजणींना पहिलाही भाग बघता आला नसेल.

आणि तीनच आठवड्यांत वेळापत्रक बदललं. आठवड्याला प्रत्येकी चार नवे भाग होते, ते दोनवर आणले. कारण असं दिलं, की लोक रोज न बघता एकदम तीन-चार भाग बघताहेत. पण रोजची मालिका ही रोजच्या चहासारखी असते. तिची वेळ मोडली की तिच्याभोवती बांधलेला दिवस मोडतो. पुढे तंत्रज्ञांच्या संघटनेशी वाद झाला, चित्रीकरण थांबलं, सप्टेंबरपर्यंत दोन्ही मालिका थांबल्या, मार्च २०१४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

यातून 'प्रेक्षक नव्हता' हे कसं सिद्ध होतं? सिद्ध होतं ते एवढंच, की अपुऱ्या भांडवलावर, अर्ध्या नटसंचावर, कोर्टकचेरी चालू असताना आणि ज्यांच्या घरी इंटरनेट नाही अशा प्रेक्षकांसाठी रोजची मालिका चालवता येत नाही.

केबलचं थोडक्यात सांगते. सोपनेट ही वाहिनी जानेवारी २००० मध्ये सुरू झाली, दुपारचे भाग त्याच रात्री पुन्हा दाखवण्यासाठी. म्हणजे नेमकी त्या नोकरदार बाईसाठी, जिने मालिका मारल्या असं मजकूर म्हणतो! वाहिनी जवळजवळ चौदा वर्षं चालली. डिस्नीने ती बंद केली ती लहान मुलांच्या वाहिनीला जागा हवी म्हणून. एनबीसी वाहिनीने २००७ मध्ये सोडलेली 'पॅशन्स' ही मालिका डायरेक्टटीव्ही या डिशच्या कंपनीने घेतली, ती वर्षभरातच संपली हे खरं. पण तिथे जुन्या प्रेक्षकाला एका मालिकेसाठी घरावर नवी डिश बसवायची होती.

राहिलं ते मेलेल्याच्या तोंडात पाणी. मालिका हलवणं ही या धंद्यातली जुनी रीत आहे. 'गायडिंग लाइट' १९५२ मध्ये रेडिओवरून टीव्हीवर आली आणि तिथे आणखी ५७ वर्षं जगली. 'द एज ऑफ नाइट' १९७५ मध्ये सीबीएसवरून एबीसीवर गेली, नऊ वर्षं चालली. ऑस्ट्रेलियाची 'नेबर्स' २०२२ मध्ये निरोपाचा भाग दाखवून बंद झाली आणि पुढच्या वर्षी ॲमेझॉनने ती परत आणली. दोन वर्षांनी पुन्हा थांबली, पण दोन वर्षं म्हणजे शेकडो भाग. आणि 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज'चं काय? १२ सप्टेंबर २०२२ ला एनबीसीने ती टीव्हीवरून काढून पीकॉक या आपल्याच ओटीटीवर नेली. खूप वयस्कर प्रेक्षक त्यात तुटले, त्यांचा राग रास्त होता. पण मालिका त्याच कंपनीकडे, त्याच नटांसह, आठवड्याला पाच भाग अशीच राहिली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिचा पंधरा हजारावा भाग झाला. २०१३ मध्ये जे जमलं नाही ते इथे जमलं, कारण मध्ये दीड वर्षाची खाई नव्हती आणि पात्रांच्या मालकीवरून तंटा नव्हता.

एक गोष्ट मजकूर लिहिणाऱ्याला बहुधा कळलेलीच नाही. सीबीएसने २०१० मध्ये 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' बंद करून तिच्या दुपारी दोनच्या वेळेत 'द टॉक' हा गप्पांचा कार्यक्रम आणला होता. तो डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाला. त्याच्या जागी २४ फेब्रुवारी २०२५ पासून काय आलं? मालिकाच. 'बियाँड द गेट्स', वॉशिंग्टनजवळच्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाची, मिशेल व्हॅल जीन या मुरलेल्या लेखिकेची. निर्मितीत भागीदार प्रॉक्टर अँड गॅम्बल, म्हणजे 'गायडिंग लाइट' आणि 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' बनवणारी तीच साबणवाली कंपनी.

आजी २०१७ मध्ये गेल्या. त्यांच्या मुलीने घर आवरताना ते बुटांचं खोकं मला दिलं, व्हीसीआर नसूनही मी ते ठेवलं आहे. 'बियाँड द गेट्स' सुरू झाली त्या सोमवारी मी जेवणाची सुट्टी मागे ढकलून दोन वाजता फोनवर पहिला भाग लावला, अर्धा बघून झाला तेवढ्यात मीटिंगचं बोलावणं आलं. उरलेला रात्री जेवणं आटोपल्यावर बघितला, भाकरीचा तवा घासायचा तसाच ठेवून.