पाणबुडीने विमानं पाडायची? मला नाही पटत

चतुर्थीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधता बांधता भाच्याने विचारलं, "मामा, पाणबुड्यांवर विमानं पाडणारी क्षेपणास्त्रं बसवून त्या युद्धनौकांच्या ताफ्याच्या पुढे ठेवल्या तर? दिसणार नाहीत, आणि वरचं सगळं पाडतील." गोव्यातल्या दाबोळी तळावरच्या मिग लढाऊ विमानांचा आवाज ऐकत वास्कोत वाढलेलं पोर, असलंच विचारणार. तेव्हा मी त्याच्या हातात सुपारीचा घोस देऊन विषय टाळला. उत्तर आज लिहितोय.

पहिली अडचण पृथ्वी गोल असण्याची. लाटांना चाटून, चारेक मीटरवरून येणारं क्षेपणास्त्र जहाजाच्या 25 मीटर उंचीवरच्या रडारला जेमतेम 29 किलोमीटरवर दिसतं. पाणबुडीने रडारची डोलकाठी पाण्यावर दोन मीटर काढली, तर 14 किलोमीटरवर. ब्रह्मोससारखा वेग असेल तर हातात पंधरा सेकंद. तेवढ्यात माणूस चहाचा कप खाली ठेवतो, बस्स. आणि डोलकाठी वर काढली की लपणं संपलं.

अमेरिकेने हे करून बघितलंय. 1945 मध्ये ओकिनावाला पहाऱ्यावरच्या विनाशिकांना कामिकाझेंनी, म्हणजे जपानच्या आत्मघाती वैमानिकांनी, झोडपलं, म्हणून पुढे पाणबुड्यांवरच मोठी रडार चढवली. संकट आलं की बुडी मारायची! त्यासाठी 'ट्रायटन' बांधली, दोन अणुभट्ट्यांची. 1960 मध्ये तिने पाण्याखालून पृथ्वीप्रदक्षिणा केली, पण 1961 पर्यंत रडार-पहाऱ्याचं काम गेलं. ते विमानातलं रडार उंचावरून जास्त चांगलं करत होतं. पाणबुडीतून सोडायची विमानविरोधी क्षेपणास्त्रं पुढेही आली: ब्रिटिशांनी 'ब्लोपाइप' लावून पाहिलं, जर्मनांनी टॉर्पेडोच्या नळीतून सुटणारं 'आयडास' आणलं. पण ती डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या हेलिकॉप्टरपासून स्वतःचा जीव वाचवायला. ताफ्यावर छत्री धरायला नव्हेत.

छत्री धरायला आपल्या नौदलाची विनाशिका 'मुरगाव' आहे की. विमानं पाडणाऱ्या बराक-8 क्षेपणास्त्रांवाली. पहिल्या समुद्रफेरीला निघाली तीही 19 डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, 2021 मध्ये. (हो, मुद्दाम सांगतोय. नाव आमच्या बंदराचं आहे.)

मग पाणबुडीचा हवाई संरक्षणात उपयोगच नाही? आहे, पण शत्रूच्या दारात. 1982 च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याकडे लांबून हेरणारं रडार-विमान नव्हतं. 4 मेला त्यांच्या 'शेफील्ड' विनाशिकेला एक्झोसेट क्षेपणास्त्र लागलं. पण त्यांच्या अणुपाणबुड्या अर्जेंटिनाच्या किनाऱ्यालगत दबा धरून होत्या आणि तळांवरून उडालेल्या विमानांची वर्दी ताफ्याला देत होत्या. विमानं पोचायला अर्धा-पाऊण तास. पंधरा सेकंदांपुढे हा वेळ म्हणजे जेवून वामकुक्षी झाली. आणि त्यातल्याच 'कॉन्करर'ने अर्जेंटिनाची युद्धनौका 'बेलग्रानो' बुडवल्यावर अर्जेंटिनाची विमानवाहू नौका किनाऱ्याकडे परतली ती परतलीच. तिच्यावरची विमानं समुद्रातून आलीच नाहीत. एकही क्षेपणास्त्र न उडवता झालेलं हवाई संरक्षण म्हणतात ते हे.

हे सगळं भाच्याला पाठवलं. त्याचं उत्तर: "पण मामा, वर्दी द्यायला त्यांनाही अँटेना वर काढावीच लागली असेल ना?"

लबाड बरोबर बोलतोय.