म्हणे, उन्हाळ्यात जॅकेट घातलं की उष्माघात!

मार्च संपत आला की एक फॉरवर्ड दरवर्षी नव्याने फिरू लागतो. यंदा तो माझ्याकडे तीन ग्रुपांवरून आला, त्यातला एक तर सोसायटीच्या टँकरच्या ग्रुपवर. मजकूर थोडक्यात असा: चाळीस अंशांवर दुचाकी चालवताना रायडिंग जॅकेट (पडल्यावर अंग वाचवणारं, पॅड असलेलं जाड जॅकेट) घालणं म्हणजे उष्माघाताला आवतण, सुती टी-शर्ट आणि वारा हाच खरा एसी, फुल फेस हेल्मेटने डोकं तापतं आणि केस गळतात, तेव्हा हाफ हेल्मेट पुरे, जाळीची जॅकेटं नुसती दिखाऊ, पडलात की फाटतात, आणि मुळात शहरात चाळीसच्या वेगाने जाणाऱ्याला हे सगळं कशाला, ते लडाखवाल्यांचं फॅड. शेवटी हात जोडलेले.

तक्रार खोटी नाही, म्हणून तर हे पसरतं. मे महिन्यात सिग्नलला उभं असताना पाठीवरून घामाची धार उतरायला लागली की मीही स्वतःला शिव्या घातल्यात. पण दुखणं खरं असलं म्हणून सांगणाऱ्याचं औषधही खरं असतं असं नाही.

आधी तो वाऱ्याचा एसी. बत्तीस अंशांना हे म्हणणं बरोबर आहे. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून थंड असेल तोवर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा ४४ अंशांची झाली की व्यवहार उलटा होतो. आता वारा अंगाला उष्णता देतो, आणि गाडी जितकी जोरात तितकी जास्त देतो. चंद्रपूर-अकोल्याकडे भर दुपारी गाडी चालवलेल्याला हे समजवावं लागत नाही. अशा वेळी शरीराच्या हातात एकच गोष्ट उरते, घाम सुकवणं. एक लिटर घाम अंगावर पूर्ण सुकला तर तो जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणजे साधन जबरदस्त आहे. पण उघड्या हातांवरून कोरडा वारा तो घाम इतक्या झपाट्याने उडवतो की अंग कोरडंच वाटतं, किती पाणी गेलं ते कळत नाही, आणि वरून ऊन थेट कातडीवर बसतं ते वेगळंच.

हे विज्ञान नको असेल तर मे महिन्यात नागपूरच्या एखाद्या चौकात उभे राहा आणि स्कूटीवरून जाणाऱ्या मुली-बायका बघा. तोंडाला स्कार्फ, अंगात सनकोट, कोपराच्या वरपर्यंत हातमोजे. पुरुषांच्या डोक्याकानांभोवती दुपट्टा. यांच्यापैकी कुणी बिनबाह्यांच्या बनियनवर 'वारा खात' जाताना दिसतं का? जिथे ऊन खरोखर मारतं तिथे लोक अंग झाकतात. फॉरवर्ड लिहिणारा बहुधा एसीत बसला होता.

आता खरा प्रश्न: झाकायचं, पण कशाने? इथे महाराष्ट्रात एकच उत्तर चालत नाही, कारण आपल्याकडे उन्हाळे दोन आहेत. विदर्भातला कोरडा, कोकणातला चिकट. कूलर नागपुरात घर गार करतो आणि मुंबईत नुसती ओल वाढवतो, तोच नियम जॅकेटला. रत्नागिरीला पारा ३३-३४ वर असतो, पण हवेत आधीच इतकं पाणी की घाम सुकतच नाही. तिथे भरपूर जाळी असलेलं मेश जॅकेट हवं, वारा आरपार जाऊ दे. तो अजून त्वचेपेक्षा थंड आहे. याउलट ४४-४५ अंशांच्या कोरड्या दुपारी पूर्ण जाळी म्हणजे अंगावर हेअर ड्रायर. तिथे जाळी कमी आणि उघडझाप करता येणारे व्हेंट, म्हणजे हवा आत घेणारे कप्पे, जास्त असलेलं जॅकेट बरं, आणि आतला टी-शर्ट चक्क भिजवून पिळून घालायचा. माठ पाझरतो म्हणून पाणी गार राहतं, तसंच. बाहेरचं जॅकेट वारा जरा अडवतं, त्यामुळे ओल पाच मिनिटांत न उडता पुष्कळ वेळ पुरते. गंमत अशी, की सुती टी-शर्टबद्दल फॉरवर्ड इथे अर्धा बरोबर निघतो. भिजवलेलं सूत कोरड्या हवेत उत्तम काम करतं, फक्त ते जॅकेटच्या आत हवं. कोकणात मात्र तोच टी-शर्ट ओल्या फडक्यासारखा अंगाला चिकटतो. तिथे घाम पसरवून सुकवणारं पातळ सिंथेटिक बरं.

एक कबुली द्यायलाच हवी. जाड, हवाबंद रायडिंग गिअर, म्हणजे जॅकेट-पँट वगैरे, घालून उन्हात राहिलं तर अंग तापतं आणि लक्ष ढळतं, यात वाद नाही. पाऊस अडवणारं अस्तर आत तसंच ठेवून मे महिन्यात फिरणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांना चक्कर आली तर दोष जॅकेटचा नव्हे. ऑस्ट्रेलियातही उन्हाळा कडक आणि तिथेही हीच तक्रार होती. तिथे २०१८ साली मोटोकॅप नावाची व्यवस्था सुरू झाली. ती बाजारातली जॅकेटं, पँटी, हातमोजे तपासते आणि दोन वेगळी स्टार रेटिंगं देते: पडल्यावर किती वाचवेल याचं एक, आणि उन्हात अंगाला किती सुसह्य होईल याचं दुसरं. उकाड्याचा प्रश्न त्यांनी मान्य केला आणि खरेदीच्या निकषांत बसवला.

हेल्मेटवर फार शाई खर्च करत नाही. केस गळण्याचं म्हणाल तर हेल्मेटने टक्कल पडतं याला आधार नाही. महिनोन्‌महिने न धुतलेल्या घामट अस्तराने कोंडा आणि खाज मात्र होते. अस्तर काढून धुवा, आत पातळ सुती टोपी घाला. हाफ हेल्मेटमध्ये हनुवटी आणि जबडा उघडा राहतो, आणि अपघातात मार बसणाऱ्या नेहमीच्या जागांपैकी ती एक आहे. शिवाय गरम वारा, धूळ आणि ऊन थेट तोंडावर. उन्हाळ्यासाठी फुल फेस घेताना वरच्या भोकांकडे बघून भुलू नका. आत थर्माकोलसारखा जो जाड थर असतो, त्यात त्या भोकांपासून मागेपर्यंत खाचा आहेत का ते अस्तर बाजूला करून पाहा. नसतील तर ती भोकं शोभेची. आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४१५१ हा हेल्मेटच्या भारतीय मानकाचा क्रमांक तर हवाच. देशात २०२२ साली हेल्मेट नसलेल्या ५०,०२९ दुचाकीस्वारांचा आणि मागे बसणाऱ्यांचा मृत्यू झाल्याचं केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. मागे बसणारे त्यात १४,३३७. उन्हाचं कारण तर मला कधीच पटलं नाही. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध लोक पुणेरी पगड्या घालून रस्त्यावर उतरले ते २०१९ च्या जानेवारीत, ऐन थंडीत.

"चाळीसच्या वेगाला कशाला?" माझं उत्तर डाव्या कोपरावर आहे. वेग चाळीसही नव्हता. गावाकडच्या वळणावर खडी पसरलेली, मे महिना, अर्ध्या बाह्यांचा शर्ट. हाड मोडलं नाही, पण कोपरापासून मनगटापर्यंत सालटं निघालं आणि पुढचे तीन आठवडे त्या घामाघूम हातावर पट्टी बांधून काढले. जॅकेटमध्ये किती उकडतं याची तक्रार मी तेव्हापासून जरा हळू आवाजात करतो.

आकडेमोड साधी आहे. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. डांबरावर माणूस घसरत थांबायला नऊ-दहा मीटर लागतात, म्हणजे दीड-पावणेदोन सेकंद. साधी जीन्स डांबराच्या घासणीला एक सेकंदही टिकत नाही. बाकीचा वेळ कातडी घासते, आणि मे महिन्यातलं दुपारचं डांबर साठ अंशांच्या आसपास तापलेलं असतं. वेग साठवर नेला तर घसरण सव्वादोन पट. आणि डोकं जमिनीवर आपटण्यासाठी वेगाची गरजच नाही: दीड मीटरवरून पडलेलं डोकं खाली पोचेपर्यंत ताशी जवळजवळ वीसचा वेग घेतं, गाडी उभी असली तरी.

जाळी फाटते, या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या परिसरात अपघात झालेल्या २१२ चालकांचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात दुचाकीसाठीच बनवलेली जवळपास तीस टक्के जॅकेटं पडल्यावर फाटून निकामी झालेली आढळली. फॉरवर्डवाल्याला हे माहीत असतं तर त्याने ठळक अक्षरांत छापलं असतं. पण त्याच अभ्यासात दुचाकीचं जॅकेट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण २१ टक्क्यांनी कमी होतं, पँट घातलेल्यांत ५१ आणि हातमोजे घातलेल्यांत ५९ टक्क्यांनी. फाटणाऱ्या जॅकेटांसकट.

तेव्हा जाळी कुठे आहे ते बघायचं. छाती आणि दंडाच्या आतल्या बाजूला असेल तर ठीक. खांदा आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूला जाड सलग कापड हवं, कारण घासतं ते तिथे. युरोपीय मानक ईएन १७०९२ चं लेबल असेल तर त्यावर वर्ग असतो. ट्रिपल ए सगळ्यात दणकट, मग डबल ए, मग ए. बहुतेक मेश जॅकेटं ए मध्ये येतात. शहरात तेवढं चालेल, हायवेला रोज जात असाल तर डबल ए शोधा. खांद्या-कोपराला आत मार झेलणारी पॅडं असतात. त्यांच्यावर ईएन १६२१-१ आणि लेव्हल १ किंवा २ लिहिलेलं असतं, २ जास्त मार शोषतं. आपल्या हवेसाठी त्याच्या बाजूला 'टी प्लस' आहे का पाहा. ते पॅड ४० अंशांवर तापवून तपासलेलं आहे, असा त्याचा अर्थ. मऊ फोम उन्हात आणखी मऊ पडतो, म्हणून हे महत्त्वाचं. पाठीचं पॅड काढून दाबून बघा. पुष्कळ जॅकेटांत तिथे नुसता स्पंज असतो.

राहिला खर्च. सगळं एकदम घ्यायची गरज नाही. हेल्मेट आधी, लगेच हातमोजे. पडताना माणूस हात पुढे करतो आणि पूर्ण गिअरमध्ये सगळ्यात कमी पैसे त्यांनाच लागतात. मग घोटा झाकणारे बूट. वरच्याच अभ्यासात दुचाकीसाठी न बनवलेल्या साध्या बुटांनीही पायाच्या जखमा जवळपास निम्म्यावर आणल्या होत्या, तेव्हा घरातले जुने सेफ्टी शूज चपलेपेक्षा केव्हाही बरे. मग जॅकेट, मग पँट.

जॅकेट घेताना हवा खेळावी म्हणून एक नंबर मोठं घेण्याचा मोह होतो, आणि तिथेच पैसे वाया जातात. सैल बाहीत कोपराचं पॅड घसरत मनगटाकडे जातं. दुकानदाराला सांगून बाहेर आपल्याच गाडीवर बसा, हँडल धरा, आणि दुसऱ्याला ते पॅड फिरवून बघायला सांगा. उन्हात, दहा मिनिटं. दुकानातल्या एसीत सगळीच जॅकेटं गार वाटतात.