काय होत नाय बे! : सोलापूरकरांसाठी आपत्तीपूर्व मार्गदर्शन

सुरुवात मनाच्या तयारीपासून करावी लागते. आपत्ती नेहमी दुसऱ्या जिल्ह्यात येते, हे स्वतःला नीट पटवून घ्या. पूर कोल्हापूर-सांगलीचा, दरड कोकणातली, भूकंप किल्लारीचा. सोलापूरच्या वाट्याला ऊन आणि दुष्काळ, आणि त्यांना आपण आपत्ती म्हणतच नाही. पारा चव्वेचाळीसवर गेला तरी भर दुपारी नव्या पेठेत लग्नाचा बस्ता बांधायला जाणारा माणूस अस्सल सोलापूरकर.

कुणी मध्येच सप्टेंबर २०२५ काढेल. सीना नदी कशी पसरली, लांबोटीपाशी पुण्याचा हायवे कसा बंद झाला, माढा-मोहोळकडच्या गावांतून माणसं कशी काढावी लागली, असं सांगत बसेल. त्याला म्हणायचं, तो अपवाद. मग तो ऑक्टोबर २०२० काढेल, पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण गेले ते. तोही अपवाद. फारच मागे लागला आणि ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट काढली, तर मात्र विषय बदला. कारण किल्लारीचा भाग त्या पहाटेपर्यंत भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तिथले लोकही विसर्जन उरकून, ‘आपल्याकडे काय होत नाही’ म्हणूनच झोपले होते. जाड दगडी भिंती, मातीचा सांधा, वर मातीचं माळवद. ऊन लागू नये म्हणून बांधलेल्या त्या भिंतीच अंगावर आल्या. आपल्या पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या भिंती किती जाड आहेत, हे या निमित्तानं मोजायला जाऊ नका. उगाच झोप उडते.

आता घर. घर शक्यतो नाल्याच्या कडेला घ्यावं, हवा छान येते. पाटबंधारेवाले नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल असा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. तुमचं कर्ज वीस वर्षांचं. म्हणजे हप्ते फिटेपर्यंत पूर यायचा नाही, असा सरळ हिशेब आहे. फक्त तो गणिताच्या मास्तरांना दाखवू नका. ते म्हणतील, पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी चार टक्के शक्यता, आणि वीस वर्षांची गोळाबेरीज केली तर निम्म्याहून जास्त. मास्तर लोकांना घर घेताना सोबत नेऊच नये.

पाण्याच्या बाबतीत तुम्हाला सल्ला देण्याची कुणाची टाप नाही. जगभरची पुस्तकं सांगतात, घरात तीन दिवसांचं पिण्याचं पाणी साठवून ठेवा. तीन दिवस! सोलापुरात नळाची पाळी यायलाच कित्येकदा त्याहून जास्त दिवस लागलेत. ज्या उजनी धरणाच्या पोटात ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठ्यात, म्हणजे तळाच्या, टक्क्यांच्या हिशेबात न धरलेल्या पाण्यात मोडतं. त्यामुळे धरणात डोळ्यांना पाणी दिसत असतं आणि बातमीत उजनी ‘वजा’ टक्क्यांत असते. अशा गावाला साठवणूक कोण शिकवणार? तेव्हा पिंपं, हौद, बादल्या, झालंच तर लग्नात आलेली पातेली, सगळं भरून ठेवा. झाकण तेवढं लावू नका. डेंगीच्या डासाला असं स्वच्छ, साठलेलं पाणीच आवडतं आणि आठ-दहा दिवसांत त्याची पुढची पिढी उडायला लागते. आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून घासायचा सल्ला आरोग्यवाले देतात. त्यांना चहा द्या.

खाण्याच्या बाबतीत मात्र आपण खरोखर कमाल करतो, आणि इथे जरा थांबायला हवं. आणीबाणीच्या शिदोरीचे नियम ठरलेले आहेत. न शिजवता खाता यावं, फ्रीज लागू नये, दिवसच्या दिवस टिकावं, पोटाला आधार व्हावा. शहाणे लोक यासाठी डबाबंद काय काय मागवतात. आपल्याकडे हा प्रश्न कुणा आजीनं कधीच सोडवून ठेवला आहे. ज्वारी-बाजरीची कडक भाकरी नीट बांधून ठेवली तर महिनाभरही काही होत नाही, आणि शेंगाचटणी तिच्याइतकीच टिकाऊ. ना गॅस, ना पाणी, ना वीज. म्हणून तुम्ही काय करायचं? सगळी कडक भाकरी पुण्यात नोकरीला असलेल्या पोराला पाठवायची, चटणी पाहुण्यांना बांधून द्यायची आणि स्वतःच्या फळीवर दोन मिनिटांत होणाऱ्या नूडल्स ठेवायच्या. त्यांना उकळतं पाणी लागतं, हे दिवे गेल्यावर आणि सिलिंडर संपल्यावर आठवेलच.

कागदपत्रं लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात ठेवा. आधार, सातबारा, पासबुक, विम्याची पॉलिसी, सगळं एकत्र, म्हणजे एकदमच भिजेल. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवणं, मोबाईलवर फोटो काढून लेकीला पाठवणं, ही भित्र्या माणसाची लक्षणं. पाणी घरात शिरायला लागलं की आधी टीव्ही वर चढवा, मग सोफा, मग दिवाळीला घेतलेलं मिक्सर. मेन स्विच बंद करायचं कुणीतरी ओरडून सांगेल, तोवर पाणी प्लगापर्यंत आलेलं असेल.

खरी तयारी मात्र पंचनाम्याची हवी. शेतकरी असाल तर एक आकडा पाठच करा. पासष्ट मिलिमीटर. महसूल मंडळात दिवसाला त्याच्या वर पडला तर अतिवृष्टी, चौसष्ट पडला तर नुसता पाऊस. आणि तो मोजायचा मंडळातल्या पर्जन्यमापकात, तुमच्या बांधावर नाही. तेव्हा ढग तुमच्या शेतावर आले की त्यांना अदबीनं पर्जन्यमापकाचा पत्ता सांगा.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. दुष्काळात त्यांनी बादशहाची धान्याची कोठारं लोकांसाठी उघडली. ना प्रस्ताव, ना मंजुरी, ना लाभार्थ्यांची यादी. शेवटी हिशेब चुकता करायला खुद्द विठोबाला बिदरला जावं लागलं, अशी कथा आहे. आजच्या लेखापरीक्षणात हे बसणार नाही. त्यामुळे कोठार उघडण्याआधी बॅनर छापून घ्या.

आग विझवायचं लाल नळकांडं असेल तर ते दाराच्या मागे टांगा. वर कॅलेंडर लावलं की काटा हिरव्यात आहे की लालात, हे दिसत नाही. कारखान्याच्या जिन्यात सुताची बाचकी रचा, खिडक्यांना जाळ्या ठोका आणि मागच्या दाराला कुलूप घालून किल्ली मालकाच्या गाडीत ठेवा. १८ मे २०२५ ला अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला पहाटे आग लागली आणि आठ जण गेले. या विषयावर मला पुढे उपरोध सुचत नाही. कुलूप मात्र आज जाऊन बघा.

मोबाईलवर अलीकडे भोंग्यासारखा आवाज करत सरकारी इशारा येतो. तो आला की करायचं एवढंच, शेजारच्याला विचारायचं, ‘तुला बी आला का बे?’ त्यालाही आला असेल तर समाधान मानायचं. विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप आहे, पुण्याच्या हवामान संस्थेनं बनवलेलं. वीस-चाळीस किलोमीटरच्या टप्प्यात वीज असेल तर ते सांगतं. ते घेऊ नका. वळवाचा कडकडाट सुरू झाला की रानातल्या सगळ्यात उंच झाडाखाली जाऊन उभे राहा, तिथे सावली असते.

पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायचीच, कारण मागचे लोक मोबाईल काढून उभे असतात. वाहतं पाणी सहा इंच असलं तरी चालत्या माणसाचे पाय उचलतं, फूटभर पाण्यात छोटी मोटार तरंगायला लागते आणि दोन फुटांत मोठीही जाते. पण ‘आपली गाडी जड आहे.’

आता गल्लीचा विचार. आपल्या गणेश मंडळांपाशी काय नाही? जनरेटर आहे, दोरखंड आहेत, बांबू आहेत, टेम्पोवाला ओळखीचा आहे. लेझीमच्या डावात शेकडो पोरं एका शिट्टीवर वळतात, एकाचाही पाय चुकत नाही. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे वर्गणीचं पुस्तक. कोणत्या घरात कोण राहतं, कोण वरच्या मजल्यावर, कोण खालच्या खोलीत भाड्यानं, कोणत्या घरी अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, कुणाचं पोर दुबईला, कुणाचं दार रात्री किती वाजता उघडतं, हे सगळं त्या पोरांना तोंडपाठ असतं. जनगणनावाल्यांनाही इतकं ठाऊक नसेल. पाणी रात्री दोन वाजता आलं तर पहिल्यांदा कुणाचं दार वाजवायचं, याची यादी अर्ध्या तासात तयार होईल. म्हणूनच ती करू नका. ते पुस्तक विसर्जनानंतर पोत्यात घालून माळ्यावर टाकायचं असतं.

नंबरांचं सांगायचं राहिलंच. कुठल्याही आणीबाणीचा ११२, रुग्णवाहिकेचा १०८, अग्निशमनचा १०१, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७. हे भिंतीवर लिहू नका, रंग खराब होतो. डीजेवाल्याचा आणि मांडववाल्याचा नंबर आहे ना?

एवढं करूनही मनात धाकधूक राहिली, तर सोसायटीत आपत्ती समिती नेमा. अध्यक्ष एक, उपाध्यक्ष चार, कारण विंगा चार आहेत. सल्लागार म्हणून पुण्याला स्थायिक झालेल्या काकांना घ्या, ते व्हिडिओ कॉलवर येतात. खजिनदारावरून भांडण होईल, तेव्हा पहिली बैठक त्यातच जाऊ द्या. दुसऱ्या बैठकीत मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचा. टॉर्च, शिट्टी, दोरखंड आणि प्रथमोपचाराची पेटी यांच्या खरेदीचा ठराव कुणी मांडलाच, तर तो आयत्या वेळच्या विषयांत टाका.