रात्रपाळीला कोण होतं?

'द इमिटेशन गेम' आईबरोबर पाहिला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या 'एनिग्मा' या सांकेतिक यंत्राचे संदेश फोडणारा ब्रिटिश गणितज्ञ अॅलन ट्युरिंग, त्याची ही गोष्ट. आई जन्मभर टेलिफोन खात्यात होती, त्यातली कितीतरी वर्षं ट्रंक एक्स्चेंजच्या रात्रपाळीत. सिनेमा संपल्यावर एवढंच म्हणाली, "छान आहे गं. पण एवढ्या मोठ्या लढाईला माणसं पाच-सहाच? आणि रात्रपाळीला कोण होतं?"

मी हसले. मग त्या विषयावर वाचत सुटले, आणि हसू ओसरलं.

ब्लेचली पार्क म्हणजे ब्रिटिशांचं शत्रूचे गुप्त संदेश फोडायचं केंद्र. तिथल्या कामात युद्धाच्या अखेरीस साधारण ९,००० माणसं होती. तीन पाळ्या, आणि चारातल्या तीन बायका. सिनेमात एनिग्मा फोडायचं ट्युरिंगचं एकच यंत्र आहे, लाडाचं नाव 'ख्रिस्तोफर'. खऱ्या यंत्राला म्हणायचे 'बॉम्ब'. पहिलं मार्च १९४० मध्ये आलं, त्याचं नाव 'व्हिक्टरी'. युद्ध संपेपर्यंत अशी २०० च्या वर झाली होती, आणि ती चालवायच्या नौदलाच्या महिला दलातल्या पोरी. उभ्याने ड्रम बसवायचे, तारा जोडायच्या, यंत्र थांबलं की नोंद कळवायची. कशासाठी, ते विचारायचं नाही. घरी तर अवाक्षरही नाही, तेही पुढची तीसेक वर्षं.

सिनेमात यंत्र फिरतंय, फिरतंय, काही निघत नाही. मग बारमध्ये एक मुलगी सहज काहीतरी बोलते आणि ट्युरिंग धावत सुटतो : संदेशात ठरावीक शब्द असणारच! जातं दोन वर्षं फिरवल्यावर आठवावं की अरे, यात दाणे टाकायचे असतात, तसं झालं हे. ते यंत्र मुळात अशा अंदाजांवरच बांधलं होतं. आपल्याकडच्या जुन्या पत्रात 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' असणार हे न उघडता सांगता येतं ना, तसं जर्मनांच्या हवामानाच्या संदेशांत ठरीव मजकूर असायचा. शिवाय एनिग्मात कुठलंही अक्षर स्वतःच्याच रूपात बाहेर पडत नसे. अंदाजाचा मजकूर गुप्त मजकुराखाली सरकवत जायचं, अक्षराखाली तेच अक्षर आलं की जागा चुकली. हे दाखवायला पाच मिनिटं पुरली असती. धावण्यापेक्षा रंगलं असतं, असं माझं मत.

पोलंडची तर एका वाक्यात बोळवण. मारियन रेयेव्स्कीने १९३२ च्या डिसेंबरातच एनिग्मा फोडलं होतं. जुलै १९३९ मध्ये वॉर्सॉजवळच्या पिरीच्या जंगलात पोलिश लोकांनी सगळं ज्ञान ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हवाली केलं. ते घ्यायला जातीने गेलेला माणूस म्हणजे ब्लेचलीचा प्रमुख डेनिस्टन. सिनेमात तो खलनायक!

इथवर मी सोडून दिलं असतं. ट्युरिंग झालेला कंबरबॅच काम काय सुंदर करतो! पण केर्नक्रॉसचं प्रकरण डोक्यात गेलं. सिनेमात हा सोव्हिएत हेर ट्युरिंगच्याच टोळीत, आणि आपण समलिंगी असल्याचं गुपित फुटेल या भीतीने ट्युरिंग गप्प बसतो. प्रत्यक्षात केर्नक्रॉस वेगळ्या विभागात होता, दोघं कधी भेटल्याचाही पुरावा नाही. समलिंगी माणसाला ब्लॅकमेल करता येतं, म्हणून तो देशाला धोका, हा त्या काळचा संशय. १९५२ मध्ये समलिंगी म्हणून शिक्षा झाल्यावर ट्युरिंगचं गुप्त काम काढून घेतलं गेलं, ते याच धास्तीपायी. ज्याच्यावरच्या अन्यायासाठी आपल्याला रडवायचं, त्याच्याच बाबतीत तो संशय खरा करून दाखवायचा? ७ जून १९५४ ला तो गेला, राणीची माफी डिसेंबर २०१३ मध्ये आली, आणि पुढच्याच वर्षी हा सिनेमा.

ट्युरिंगची सहकारी जोन क्लार्कही सिनेमातल्यासारखी शब्दकोडं सोडवून आलेली नाही. केंब्रिजमध्ये तिला भूमिती शिकवणाऱ्या वेल्चमननेच तिला आणलं. पगार वाढवायचा तर तिच्या कामाची बायकांसाठी श्रेणीच नव्हती, म्हणून कागदोपत्री तिला भाषातज्ज्ञ केलं. मग ती फॉर्म भरताना मजेत लिहायची, 'श्रेणी : भाषातज्ज्ञ. भाषा : एकही नाही.'

हे आईला वाचून दाखवलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग चष्मा पुसत म्हणाली, "हे घ्यायचं ना सिनेमात! आमच्या अख्ख्या एक्स्चेंजने तिकिटं काढली असती."